उजव्या बाजूचं काळीज

माझ्या धाकट्या दिराचं काळीज उजवीकडे आहे. नुसतं काळीज नाही. यकृत डावीकडे, जठर उजवीकडे, आतलं सगळंच आरशात पाहिल्यासारखं. तो विशीत असताना भरतीसाठी छातीचा एक्स-रे काढला तेव्हा हे कळलं. काढणाऱ्यानं आधी फिल्म उलटी धरली असं समजून फिरवून पाहिली. मग पुन्हा एक्स-रे काढला, मग डॉक्टरांना बोलावलं. भरतीत त्याला घेतलं नाही. आमच्या घरी मात्र पेढे वाटले.

पेढे वाटले माझ्या सासूनं. ती माझी सख्खी आत्या. तिचं लग्न तिच्या आत्याच्या मुलाशी झालं होतं आणि माझं माझ्या आत्याच्या, म्हणजे तिच्याच, मोठ्या मुलाशी. आमच्यात हे चालतं, नव्हे, तेच चांगलं समजतात. बाहेरची मुलगी आणली की तिच्या घराण्याचं काय काय घरात येईल सांगता येत नाही, असं आत्याचं ठाम मत. आणि उजवं म्हणजे शुभ. नवी सून उजवा पाय आत टाकते, प्रसाद उजव्या हातात घेतात, देवाचा कौल उजवा लागला तर काम होतं. "माझ्या पोराला देवीनं आतूनच उजवा केला," असं ती जालन्यात मस्तगडच्या आमच्या गल्लीत दारोदार सांगत फिरली. एका ओळखीच्या भटजींनीही मान डोलावली, म्हणाले, अशा माणसाचं कधी वाकडं होत नाही.

त्या दिवसापासून घरात एक गोष्ट न बोलता ठरून गेली. या मुलात खोट असूच शकत नाही.

दिराला स्वतःला त्याचं फार कौतुक नव्हतं. तो माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, माझा आतेभाऊ, त्यामुळे आमचं अरे-तुरेच. "वहिनी, खोटं बोलायचं असलं की मी डावीकडं हात ठेवून शपथ घेतो, काहीच लागत न्हाई," असं म्हणायचा. हसायचा आणि खोकायचा. खोकला जन्मापासूनचा. नाक कायम चोंदलेलं, लहानपणी कान वाहायचा, थंडीत छाती भरून दवाखाना ठरलेला. मोठेपणी तो जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या गोदामात लागला. तिथे कपाशीच्या बियाण्याला औषधाची लाल पूड चोळलेली असते, ती हवेत उडते. मग खोकल्याला कारणही मिळालं. सगळे म्हणायचे, धुळीचा आहे.

त्याच्या लग्नाच्या वेळी नात्यात जुळती मुलगी नव्हती, म्हणून नाइलाजानं मंठ्याची, बाहेरची मुलगी केली. माझी जाऊ. बोलणं कमी, काम चोख. तिनं घरात आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात डॉक्टरांना विचारून एक गोष्ट सुरू केली: सकाळी उठल्यावर त्याला पालथं झोपवून पाठीवर ओंजळीच्या आकाराचे हात थोपटायचे, म्हणजे कफ सुटतो. रोज. मी तिला कधी कंटाळलेली पाहिली नाही.

मूल झालं नाही. पहिली दोन वर्षं कुणी बोललं नाही, नंतर बोलायचं थांबलं नाही. तिची सोनोग्राफी झाली, नळ्या तपासल्या, रक्त तपासलं, सगळं बराबर निघालं. मग गुरुवार, मग सोमवार, मग कुठल्याशा बाबाचा अंगारा. एका डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहून दिली होती की नवऱ्याचीही तपासणी करा. आत्यानं ती चिठ्ठी दवाखान्याच्या पायरीवरच चुरगाळली. "उजव्या काळजाच्या माणसाला कसली तपासणी लावता?" संक्रांतीला बायका हळदीकुंकवाला आल्या की माझी ओटी भरायच्या आणि जावेला नुसतं कुंकू लावून पुढे सरकायच्या. ती कुंकू लावून घ्यायची आणि ताटं उचलायला आत जायची.

सातव्या वर्षी आत्यानं ठरवलं. घनसावंगीकडे माझ्या चुलत्याची मुलगी होती, तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. म्हणजे नात्यातली, घरातलीच. जावेनं समजुतीनं सोडचिठ्ठी द्यायची, माहेरी जायचं, आणि दिराचं दुसरं लग्न करायचं. हे आत्यानं जावेला स्वयंपाकघरात, कणिक मळता मळता सांगितलं. जाऊ म्हणाली, "बरं." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी पाठ थोपटायला बसली.

मी जालन्यातच ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. त्याच महिन्यात संभाजीनगरला आमचं शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. अशा प्रशिक्षणात जेवणानंतरच्या तासाला निम्मे लोक झोपतात. त्या दिवशी एक तरुण संशोधक मुलगी बोलायला आली होती आणि तिचा विषय होता उंदीर. पडद्यावर उघडलेल्या उंदरांची चित्रं: एकाचं काळीज डावीकडे, शेजारच्याचं उजवीकडे. मी ताठ बसले.

तिनं सांगितलं ते असं. गर्भ अगदी लहान, डोळ्याला नीट दिसतही नाही एवढा असतो, तेव्हा त्याचं डोकं कुठे आणि पाठ कुठे हे ठरलेलं असतं, पण डावं-उजवं ठरलेलं नसतं. त्याच्या अंगावर एक छोटासा खळगा असतो. त्या खळग्यात सूक्ष्म केस असतात आणि ते भोवऱ्यासारखे एकाच दिशेनं फिरतात. त्यामुळे तिथलं पाणी डावीकडे वाहतं. पाणी डावीकडे गेलं की त्या बाजूची जनुकं जागी होतात, आणि काळजानं कुठे वळायचं, जठरानं कुठे जायचं ते ठरतं. हे केस फिरवायला एक प्रथिन लागतं. त्या प्रथिनाचं जनुक आईकडूनही बिघडलेलं आलं आणि बापाकडूनही, तर केस हलत नाहीत, पाणी वाहत नाही. मग काय होतं? सगळ्यांची काळजं उजवीकडे जातात असं नाही. निम्म्या पिल्लांची डावीकडे, निम्म्यांची उजवीकडे. काहींचं मधलंच काहीतरी होतं, ती मरतात.

"म्हणजे बिघडलेलं जनुक 'उजवीकडे जा' असं सांगत नाही," ती म्हणाली. "ते काहीच सांगत नाही. मग पडेल तसं पडतं."

मागून एका सरांनी विचारलं, माणसात असतं का हे? ती म्हणाली, असतं, आणि कारणं अनेक आहेत, एकच जनुक नाही. पण काही प्रकारांत हे केस नुसते गर्भातच नाही, सगळीकडेच थांबलेले असतात. श्वासनलिकेत असेच केस कफ वर ढकलतात. पुरुषाच्या शुक्राणूची शेपटी त्याच यंत्रावर चालते. अशा माणसांना जन्मभर सर्दी-खोकला असतो. पुरुषांना बहुधा आपसूक मूल होत नाही. आणि नात्यात लग्नं होत असतील तर दोन्हीकडून तेच जनुक येण्याची शक्यता वाढते.

चहा आला. मी चहा घेतला, बिस्किटं खाल्ली आणि परतीच्या बसमध्ये बोटांवर मांडणी केली. आत्या आणि सासरे आते-मामे भावंडं. त्यांची मधली दोन मुलं गेली, एक जन्मल्याबरोबर, एक वर्षाची होऊन, छाती भरून. दीर उजवा. खोकला. मूल नाही. आणि आता त्याला आणायची पुन्हा नात्यातलीच. माझं स्वतःचंही लग्न तसंच झालेलं, माझी मुलगी धडधाकट निघाली. त्याला पडेल तसं पडलं एवढंच म्हणता येतं.

घरी आल्यावर मी पदर खोचण्याआधीच विषय काढला.

"आत्या, आधी याची तपासणी करायची. मग पुढचं."

"त्याची कशाला? त्याला काय झालं?"

"खोकला."

"खोकल्यानं पोरं थांबत असती तर आपल्या गल्लीत एक पाळणा हलला नस्ता."

मी तिला पाटावर बसवून सगळं सांगितलं, केस, पाणी, शेपटी. ती शांतपणे ऐकत होती, म्हणून मला वाटलं पटतंय.

"हे कुणी सांगितलं?"

"उंदरांवर अभ्यास केलाय लोकांनी."

"उंदरं!" तिनं कपाळावर हात मारला. "उंदराचं ऐकून तू माझ्या पोराला नावं ठेवून राह्यलीस? आपण काय बिळात ऱ्हातो?"

"गणपतीच्या देवळात उंदराच्या कानात नवस तुम्हीच सांगता."

"तो दगडाचा हाय."

"म्हणूनच ऐकून घेतो बिचारा."

आत्याला हसू आलं होतं, पण तिनं ते गिळलं. जाऊ आमच्याकडे पाठ करून भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत. आत्या तिच्याकडे बघत मला म्हणाली, "तू माझी भाची हायस का तिची भईण?"

"सध्या तिची. आणि तपासणी झाली नाही तर उद्या काकांना फोन करणार आहे. पोरगी देण्याआधी मुलाचा रिपोर्ट मागा म्हणून."

हे मात्र तिला बराबर समजलं. भावाच्या घरी नाव जाणं तिला परवडणार नव्हतं. ती उठली आणि देवघरात जाऊन बसली. दोन दिवसांनी तिनं जावेला "जरा माहेरी राहून ये" म्हणून मंठ्याला पाठवलं. जावेनं ट्रंक नेली. राहून यायला कुणी ट्रंक नेत नाही, हे सगळ्यांनी पाहिलं.

दिराला मी गोदामाच्या फाटकावर गाठलं. घरात त्याच्याशी बोलणं शक्य नव्हतं. तो तोंडावरचा रुमाल सोडत बाहेर आला, भुवयांवर लाल पूड.

"माझ्यात खोट हाय म्हणून राह्यलीस का तू?"

"असेल. तपासल्याशिवाय कसं सांगू?"

"आन् न्हाई निघाली तर?"

"तर मी तोंड बंद ठेवीन."

"ते तुला बिलकुल जमणार न्हाई, वहिनी." तो हसला, आणि हसण्यातून खोकला सुरू झाला तो थांबेना. फाटकाच्या गजाला धरून तो वाकला. वॉचमननं सवयीनं पाण्याची बाटली पुढे केली. खोकला थांबल्यावर तो बाटलीच्या झाकणाशी चाळा करत म्हणाला, "ती गेल्यापासून कफ सुटतच न्हाई." मग म्हणाला, "कधी जायचं ते सांग."

आम्ही संभाजीनगरला गेलो. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांनी त्याला समोर बसवलं. शुक्राणू आहेत, जिवंत आहेत, पण हलत नाहीत. छातीचा स्कॅनही केला होता. फुप्फुसाचा खालचा भाग वर्षानुवर्षं साचलेल्या कफानं खराब झाला होता. धूळ बंद करा, म्हणाले, ही नोकरी नको. जनुकाची तपासणी पुढे करता येईल, पण चित्र पुरेसं स्पष्ट आहे. मूल हवं असेल तर प्रयोगशाळेत शुक्राणू सुईनं स्त्रीबीजात सोडता येतो. त्यासाठी बाईंना रोज इंजेक्शनं घ्यावी लागतील, बीज काढावं लागेल. खात्री नाही. आणि नात्यातली मुलगी मुळीच नको.

दिरानं एकच विचारलं. "म्हणजे तिच्यात काही न्हाई?"

"त्यांचे रिपोर्ट तर नॉर्मल आहेत."

त्यानं रिपोर्ट घडी घालून माझ्या हातात दिला.

आत्यानं रिपोर्ट हातात घेतला नाही. मी वाचून दाखवला. मग तिनं दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, हे या घराबाहेर जाता कामा नये. दुसरी, "तिला घेऊन या. तिची काही चूक न्हाई म्हणावं." जणू माफी द्यायची होती ती तिनं देऊन टाकली. माझा नवरा म्हणाला, मी जातो मंठ्याला, बोलणी मला जमतात. दीर म्हणाला, "न्हाई, मी जातो. वहिनी, तू चल."

मंठ्याला जावेचं माहेर बाजार समितीच्या मागे आहे. सोयाबीनचा हंगाम होता, रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग, हवेत भुसा. दीर रुमाल बांधून चालत होता. जावेचे वडील बाजेवर बसले होते. त्यांनी उठून पाणी दिलं, पाव्हण्यांना बसायला खुर्ची दिली, पावसापाण्याचं बोलले. जाऊ आत होती. चहा तिनंच केला असणार, पण घेऊन तिची आई आली.

मला भीती होती की हा नेमक्या वेळी कच खाईल. त्यानं चहा खाली ठेवला आणि सरळ सांगितलं.

"मामा, तपासणी झाली. खोट माझ्यात हाय. तिच्यात काहीच न्हाई."

बाहेर ट्रॅक्टर सुरू होता, तो बंद झाला. मग म्हातारा म्हणाला, "सात वर्षांनी कळलं व्हय, पाव्हणं?"

"हां."

"आन् सात वर्षं माझी पोर अंगारे खात होती."

मी मध्ये पडले, डॉक्टरांनी सांगितलेला उपाय सांगितला. सुई, प्रयोगशाळा, इंजेक्शनं. मी तेवढं सांगेपर्यंत जाऊ दारात येऊन उभी राहिली होती. तिला इतकं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"म्हणजे खोट यांची आन् सुया मला?"

दीर खाली बघत होता.

"तुमची पाठ थोपटली त्याचं मला काही न्हाई," ती त्याला म्हणाली. "ते दुखणं हाय, दुखण्याचं करावंच लागतं. पण संक्रांतीला बाया माझ्यासमोरून ताट घेऊन पुढं जायच्या तेव्हा तुम्ही बाहेर बसून पेपर वाचत व्हता. आत्याबाई मला जा म्हणल्या तेव्हाही वाचत व्हता. एकदा तरी म्हणायचं होतं, आधी माझं बघा."

"म्हणायला पाहिजे होतं," तो म्हणाला.

"मी येणार न्हाई."

ती आत गेली. रडली नाही, दार आपटलं नाही. आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला. मी समजूत घालायला उठणार होते, पण तिच्या आईनं नुसतं मानेनं नको म्हटलं.

मग सोडचिठ्ठीच्या कागदाचं बोलणं निघालं. दीर म्हणाला, "खरं ते कारण लिहा, मी सही करतो." म्हातारा एकदम ताठ झाला.

"न्हाई न्हाई. नवरा आजारी म्हणून सोडून आली, असं म्हणतील लोक. तिला पुढं कोण करणार? पटत न्हाई एवढंच लिहा."

मी म्हणाले, "अहो, पण मग लोक समजतील की मूल होत नाही म्हणून आम्हीच सोडली."

"समजू द्या, बाई. ते तर आधीपासून समजतेत. ते जुनं हाय. नवं कशाला?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते वर्गात चालण्यासारखं होतं. दोन्ही घरांना तेच सोयीचं होतं. तिला विचारायला कुणी आत गेलं नाही.

परतीच्या जीपमध्ये आम्ही मागच्या बाकावर बसलो. बरंच अंतर गेल्यावर त्यानं विचारलं, "वहिनी, त्या उंदरांचं पुढं काय होतं?"

"बरीचशी लहानपणीच मरतात. डोक्यात पाणी साठतं."

"आन् जी जगतात?"

"जगतात. नरांना बहुधा पिल्लं होत नाहीत."

"आन् मादी? म्हणजे त्याच्याजवळ ठेवलेली. जिच्यात काही न्हाई ती."

खोटं सांगण्यात अर्थ नव्हता. "तिला दुसऱ्या नराजवळ ठेवतात."

त्यानं मान हलवली. "बराबर हाय," म्हणाला, आणि खिडकीकडे तोंड करून खोकत राहिला.

नोकरी त्यानं सोडली. चुलत्याच्या मुलीचा विषय आत्यानं पुन्हा काढला नाही, तिकडे काहीतरी पत्रिकेचं कारण कळवलं. पाठ थोपटायला मी त्याला शिकवलं, पण स्वतःची पाठ स्वतः थोपटता येत नाही, तेव्हा आत्या थोपटते. तिचे हात आता सांधेवातानं वळत नाहीत. कफ अर्धाच सुटतो.

पुढच्या वर्षाअखेर जावेचं दुसरं लग्न झालं. बिजवर, दोन मुलांचा बाप, परतूरकडचा. तिनं मला स्वतः फोन केला, "ताई, तुम्ही एकट्या या." मी गेले. मंठ्यातच, मंदिराच्या सभागृहात, पन्नासेक माणसं. नवरी पाटावर नीट बसली होती, नव्या नवऱ्याची धाकटी मुलगी तिच्या मांडीशी पेंगत होती.

जेवायला पंगतीत माझ्या शेजारी एक बाई होती, मी कोण हे तिला माहीत नव्हतं. वरणात भात कालवता कालवता ती म्हणाली, "बरं जमलं बाई. त्याला दोन हायतीच, म्हणून केली हिला. हिला व्हत न्हाई ना."

"तिला होत नाही असं नाही," मी म्हणाले. "मी तिच्या पहिल्या घरची जाऊ. खोट आमच्या पोरात होती. दवाखान्याचा कागद आहे."

बाईनं घास थांबवून माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत अगदी पाणी आलं तिच्या.

"किती चांगल्या मनाच्या हाव हो तुम्ही," ती म्हणाली. "सोडलेल्या सुनेसाठी कोण आपल्या पोरावर घेतं?"

आणि तिनं पलीकडच्या बाईला हाक मारून मी किती चांगली आहे ते सांगायला सुरुवात केली.